पडदे पंधरा, विहिरी तीन: पहिल्या जहाजावर जाणाऱ्यांसाठी ब्रिजची ओळख

माझ्या पहिल्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, चौथ्या रात्री चीफ ऑफिसरने विचारलं, "काय रे, आपण आत्ता कुठे आहोत?" चीफ उरणचे, त्यामुळे रागावले तरी मराठीत रागवायचे. मी ऐटीत एक्डिसच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या, पडद्यावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"एक्डिसने, सर."

"आणि एक्डिसला कोणी सांगितलं?"

"जीपीएसने."

"मग जीपीएस गंडलं असेल तर तुला कोण सांगणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेला वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, मी विंगवर (ब्रिजच्या बाजूच्या सज्जावर) उभा राहून एका दीपस्तंभाचं बेअरिंग (दिशेचा कोन) पुन्हा पुन्हा घेण्यात घालवला.

कॉलेजात रडारचा धडा वेगळा, एक्डिसचा वेगळा, जायरोचा, म्हणजे विजेवरच्या होकायंत्राचा, वेगळा. जहाजावर सगळी यंत्रं एकदम समोर येतात, त्यात ती एकमेकांना वायरींनी जोडलेली असतात, आणि ही जोडणी कोणी बसवून शिकवत नाही. मी आता थर्ड मेट, म्हणजे तिसरा डेक अधिकारी, आहे आणि दर काँट्रॅक्टला एखादा नवा कॅडेट माझ्याच जुन्या चुका करताना पाहतो. म्हणून हे लिहून ठेवतोय. डेक कॅडेट आणि पहिल्यांदा स्वतंत्र वॉच घेणारे थर्ड मेट, दोघांनाही उपयोग व्हावा.

१. निघण्याआधी: कागद आणि बॅग

कॅडेट म्हणून जाताना लागणारे कागद असे:

- पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), इंडॉस नंबर (खलाशी म्हणून नोंदणीचा नंबर)
- एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) मूलभूत कोर्स: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, शिवाय एसटीएसडीएसडी (जहाजाच्या सिक्युरिटीचं प्रशिक्षण)
- डीजी शिपिंग या सरकारी खात्याने मान्य केलेल्या डॉक्टरचं मेडिकल आणि यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड
- ट्रेनिंग रेकॉर्ड बुक

थर्ड मेट म्हणून जाताना यात सीओसी (अधिकारी म्हणून पात्रतेचं प्रमाणपत्र), जीएमडीएसएसचं (संकटकाळच्या रेडिओ यंत्रणेचं) जीओसी हे प्रमाणपत्र, रडार-आर्पा (रडारवर इतर जहाजांचा माग काढणारी सोय) आणि सिम्युलेटरची प्रमाणपत्रं, एक्डिसचं जनरिक प्रमाणपत्र यांची भर पडते. झेंडा परदेशी असेल तर त्या देशाचं एंडोर्समेंटही (मान्यतेचा कागद) लागतं. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घ्या आणि मूळ कागद हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

इथे एक खड्डा आहे. जनरिक एक्डिस कोर्स झाला म्हणजे कोणतंही एक्डिस चालवता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात फुरुनोचा मेनू वेगळा, जेआरसीचा वेगळा, ट्रान्सासचा आणखी वेगळा. जे बटण कोर्समध्ये उजवीकडे होतं ते इथे तीन मेनू आत सापडतं. म्हणून जहाज ठरलं की लगेच कंपनीला ईमेल करून विचारा: एक्डिस कोणत्या कंपनीचं, मॉडेल कोणतं, त्याचं टाइप-स्पेसिफिक प्रशिक्षण कधी देणार? पोर्ट स्टेटचा, म्हणजे बंदर ज्या देशाचं त्याचा, इन्स्पेक्टर नेमका हाच कागद मागतो.

दुसरा खड्डा नोकरी लावून देणाऱ्यांचा. ज्याच्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स नाही, त्याला कागदही देऊ नका आणि पैसा तर मुळीच नको. लायसन्सचा नंबर डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः तपासा. आमच्याकडच्या दोन पोरांचं एकेक वर्ष यात गेलंय.

बॅगेत लाल उजेडाची छोटी टॉर्च, खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिली हव्यात. पेन ड्राइव्ह घरीच ठेवा. ब्रिजवरच्या संगणकाला आपला पेन ड्राइव्ह किंवा चार्जिंगसाठी मोबाइल जोडणं हा जहाजावरचा सगळ्यात मूर्ख गुन्हा. एक्डिस हासुद्धा शेवटी संगणकच आहे, त्यात व्हायरस शिरला की नकाशा गेला.

२. पहिले दोन दिवस: विहिरी शोधा

ब्रिजवर गेल्यावर आधी कोणतंही बटण दाबू नका. वही काढा आणि प्रत्येक पडद्यासमोर उभं राहून एकच प्रश्न विचारा: याला ही माहिती कुठून मिळते?

आमच्या वाडीत घरं पंधरा आणि विहिरी तीन होत्या. कुठल्या विहिरीत उंदीर पडला की कोणाकोणाकडचं पाणी बिघडणार, हे आजीला तोंडपाठ होतं. ब्रिजचंही तसंच आहे. पडदे पंधरा दिसले तरी विहिरी मुख्यतः तीनच:

जीपीएस देतं जागा, वेळ आणि जमिनीच्या हिशेबाने वेग. हे पाणी एक्डिस, एआयएस (जहाजाची माहिती इतरांना सांगणारं यंत्र), रडार, व्हीडीआर (जहाजाचा ब्लॅक बॉक्स), जीएमडीएसएसचे सेट, कधी कधी भिंतीवरची घड्याळं, सगळीकडे जातं.

जायरो देतो जहाजाच्या नाकाची दिशा. ती ऑटोपायलट, रडार, एआयएस, एक्डिस आणि विंगवरच्या रिपीटरना (जायरोची दिशा दाखवणाऱ्या तबकड्यांना) मिळते.

स्पीड लॉग देतो पाण्यातून जाण्याचा वेग. हा मुख्यतः रडारला लागतो.

रडारचा प्रतिध्वनी, इको साउंडर (पाण्याची खोली मोजणारं यंत्र), चुंबकीय होकायंत्र आणि तुमचे डोळे मात्र कोणाच्याच विहिरीवर अवलंबून नाहीत. एका पडद्यावरची गोष्ट दुसऱ्या पडद्याशी जुळली म्हणून खूश होऊ नका, दोघंही एकाच विहिरीचं पीत असतील. ताडून पाहायचं ते दुसऱ्या विहिरीशी, नाहीतर या चौघांपैकी कोणाशी तरी.

वहीत ही जोडणी स्वतःच्या हाताने काढा. जीपीएसचे दोन रिसीव्हर असतील तर सध्या एक्डिसला कोणता जोडलाय, दुसऱ्यावर कसं जायचं, यूपीएस कुठे आहे, अँटेना मंकी आयलंडवर (ब्रिजच्या छतावर) कुठे आहेत, हे सगळं त्यात यायला हवं. जहाजाच्या फॅमिलिअरायझेशन (यंत्रांची ओळख करून घेण्याच्या) चेकलिस्टवर सही करायला लोक पाच मिनिटं घेतात. तुम्ही दोन दिवस मागून घ्या.

३. जायरो आणि वरचं होकायंत्र

जायरो बंद पडून पुन्हा सुरू केला तर स्थिर व्हायला चार-सहा तास लागू शकतात. बंदरात वीज जाऊन आली असेल तर निघण्याआधी हे आठवा. रिपीटर मास्टर जायरोशी जुळतात का, हे प्रत्येक रिपीटरजवळ जाऊन बघा. एका जहाजावर डाव्या विंगचा रिपीटर दोन अंशांनी सरकलेला होता, आणि फक्त त्याच बाजूने घेतलेली बेअरिंग का चुकतात यावर आम्ही आठवडाभर डोकं फोडलं.

जायरोची चूक दर वॉचला एकदा काढायची. हिशेबाने काढलेली सूर्याची दिशा जायरोशी ताडायची: सूर्य क्षितिजावर असताना अ‍ॅम्प्लिट्यूड, नाहीतर अ‍ॅझिमथ. कॅडेटला हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ब्रिजवर तुम्ही स्वतः तपासू शकता अशी ही पहिली विहीर. चुंबकीय होकायंत्राला वीज लागत नाही, म्हणून तेही दर वॉचला वाचायचं. त्याच्या शेजारी स्पीकर, मोबाइल किंवा लोखंडी वस्तू ठेवायची नाही.

४. रडार: याला वेळ द्या

तीन हजार टनांच्या वरच्या जहाजावर सहसा दोन रडार असतात: तीन सेंटीमीटरच्या लहरींचा एक्स-बँड आणि दहा सेंटीमीटरचा एस-बँड. एक्स-बँड बारीक गोष्टी चांगल्या दाखवतो, पण पावसात आंधळा होतो. एस-बँड पावसातून बरंच पाहतो. लाइफराफ्टवरच्या रडार सार्टचे (बचावासाठी खूण पाठवणाऱ्या यंत्राचे) बारा ठिपके फक्त एक्स-बँडवर उमटतात. तो बंद ठेवून फक्त एस-बँडवर चालणारे पाहिलेत, म्हणून सांगतो.

सुरुवात या क्रमाने करा. आधी ट्यूनिंग, मग गेन (प्रतिध्वनी वाढवणारं बटण): पडद्यावर अगदी बारीक रवा शिंपडल्यासारखा दिसेल इतका. त्यानंतर सी क्लटर आणि रेन क्लटर (लाटांचे आणि पावसाचे ठिपके पुसणारी बटणं), तेही लागेल तेवढंच. ऑटोवर टाकून निवांत बसू नका. पावसाळी समुद्रात ऑटो क्लटर लाटांसोबत होड्याही पुसून टाकतं.

आपल्या किनाऱ्यावर याची किंमत मोठी आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. १ ऑगस्टपासून पुढचे काही आठवडे रत्नागिरी ते डहाणू समुद्र बोटींनी भरलेला असतो, वर पाऊस आणि उसळलेला समुद्र. लाकडी किंवा फायबरची बोट रडारला फारसा प्रतिध्वनी देत नाही. ती कधी दोन-तीन मैलांवर येऊन उमटते, एका फेरीला दिसते, पुढच्या तीन फेऱ्यांना गायब. मी हर्णैचा, वडिलांचा ट्रॉलर आहे. पहिल्या काँट्रॅक्टनंतर घरी हे सांगितलं तर बाबा चकितच झाले. म्हणाले, "आम्हाला तुमचे दिवे दहा मैलांवरनं दिसतात रे. आम्हाला वाटतं, तुम्हालाही आम्ही दिसतच असू." तेव्हापासून त्या पट्ट्यात मी सी क्लटर दर थोड्या वेळाने हाताने खाली-वर करतो. एक रडार सहा मैलांवर ठेवतो, मधूनच तीनवर आणतो. एबीला (पहाऱ्यावरच्या खलाशाला) दुर्बीण देऊन बाहेर उभा करतो.

आर्पाबद्दल दोन गोष्टी. टार्गेट पकडल्यावर पहिल्या मिनिटात दिसतो तो फक्त अंदाज. सीपीएवर (समोरचं जहाज किती जवळून जाईल त्या अंतरावर) भरवसा ठेवायला तीनेक मिनिटं स्थिर माग लागतो, आणि तुम्ही किंवा समोरच्याने वळण घेतलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. टक्कर टाळण्याच्या नियमांतला सातवा नियम सांगतो की अपुऱ्या माहितीवर, विशेषतः अपुऱ्या रडार माहितीवर, काहीही गृहीत धरायचं नाही. परीक्षेत आपण हे पाठ म्हणतो आणि ब्रिजवर चाळीस सेकंदांच्या व्हेक्टरवर (टार्गेटची चाल दाखवणाऱ्या बाणावर) निर्णय घेतो.

दुसरी गोष्ट वेगाची. टक्कर टाळण्यासाठी रडारला पाण्यातला वेग द्यायचा, म्हणजे लॉगचा. जीपीएसचा वेग दिला तर जोराच्या प्रवाहात समोरच्या जहाजाचा व्हेक्टर त्याच्या नाकाच्या दिशेपेक्षा वेगळा दिसतो. मग तुम्हाला दिसणारे त्याचे दिवे आणि पडदा यांत मेळ राहत नाही. मात्र लॉग स्वतः ठीक आहे ना, तेही बघा. तळाला शेवाळ धरलं की तो पूर्ण वेगात असतानाही काहीबाही आकडे दाखवतो.

आणि व्हेक्टर रिलेटिव्ह (आपल्या जहाजाच्या तुलनेत) आहे की ट्रू (खऱ्या चालीचा), हे वॉच घेताच वाचा. आधीच्याने बदलून ठेवलेला असतो.

५. एक्डिस: चार आकडे ज्यांच्यावर सगळं उभं आहे

२०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने मोठ्या जहाजांवर एक्डिस सक्तीचं झालं. आता बऱ्याच जहाजांवर कागदी नकाशेच नसतात. त्याऐवजी दुसरं स्वतंत्र एक्डिस बॅकअप म्हणून असतं. रंगीत पडदा, त्यावर सरकणारं छोटं जहाज. इतकं सोपं दिसतं की तपासायचंच राहून जातं.

शॅलो कॉन्टूर, सेफ्टी कॉन्टूर, सेफ्टी डेप्थ, डीप कॉन्टूर. कॉन्टूर म्हणजे सारख्या खोलीची रेषा. यातले मधले दोन तुमचा जीव वाचवतात. हिशेब असा: समजा ड्राफ्ट (जहाजाचा पाण्याखालचा भाग) १२.५ मीटर, स्क्वॉट (चालताना जहाज आणखी खाली बसतं ते) ०.८, कंपनीने ठरवलेलं तळाखालचं पाणी १.५. बेरीज १४.८, म्हणून तुम्ही १५ भरलं. पण त्या नकाशात खोलीच्या रेषा १०, २०, ३० अशाच आहेत. १५ ची रेषाच नाही, म्हणून एक्डिस गुपचूप पुढची खोल रेषा, म्हणजे २० ची, सेफ्टी कॉन्टूर म्हणून घेतं. आता १५ ते २० मीटरचं पाणीही धोक्याच्या रंगात दिसतं आणि अरुंद खाडीत अलार्मवर अलार्म वाजतात. इथे नवखा माणूस वैतागून आकडा कमी करतो. तसं करू नका. सेफ्टी डेप्थपेक्षा उथळ आकडे ठळक काळे दिसतात आणि खोल आकडे फिकट. त्या ठळक आकड्यांवरून जिथे जायचं नाही तो भाग हाताने आखून घ्या आणि कॅप्टनला दाखवा.

नकाशा किती विश्वासाचा, हेही त्यातच लिहिलेलं असतं. कॅटझॉक, म्हणजे नकाशाच्या मोजणीचा दर्जा, बघा. ए-१ भागात जागेची चूक पाच मीटरच्या आसपास धरतात, सी भागात ती ५०० मीटर असू शकते. पडद्यावर दोन्हीकडच्या रेषा सारख्याच ठसठशीत दिसतात, हीच अडचण.

नेहमीचे सापळे, माझ्या अनुभवातून आणि इतरांच्या:

स्टँडर्ड डिस्प्लेवर खोलीचे सुटे आकडे दिसत नाहीत. रूट तपासताना सगळं दाखवणाऱ्या डिस्प्लेवर जा.

झूम आऊट केलं की लहान खडक, बुडालेली जहाजं गळतात. संपूर्ण रूट योग्य स्केलवर, डोळ्यांनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहायचा. उलट जास्त झूम केलं की उभ्या रेषा येतात, तुरुंगाच्या गजांसारख्या. म्हणजे नकाशाच्या ऐपतीपेक्षा मोठं करून बघताय.

रूट चेकमध्ये यंत्र फक्त तुम्ही दिलेल्या एक्सटीडीच्या (वाटेच्या दोन्ही बाजूंच्या) पट्ट्यातच धोके शोधतं. पट्टा चिंचोळा दिला की रूट निर्दोष ठरतो. एका कॅडेटने असा 'शून्य अलार्म'वाला रूट अभिमानाने मला दाखवला होता. तो कॅडेट मीच, आणि दाखवला होता त्या उरणच्या चीफना.

नकाशांचे साप्ताहिक अपडेट दोन्ही एक्डिसवर झालेत का ते बघा. बॅकअपवाला नेहमी दोन आठवडे मागे सापडतो. आपल्या पाण्याचे इलेक्ट्रॉनिक नकाशे डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. तिथल्या दुरुस्त्या आल्या की नाही ते लॉगमध्ये दिसतं.

हे सगळं एकत्र चुकलं की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे ओव्हिट हा केमिकल टँकर. १८ सप्टेंबर २०१३ ला तो डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँक या वाळूच्या पट्ट्यावर चढला आणि जवळपास तीन तास तिथेच होता. रूट थेट त्या पट्ट्यावरून आखलेला, तोही एका नवख्या कनिष्ठ अधिकाऱ्याने आणि कोणाच्या देखरेखीशिवाय. सेफ्टी कॉन्टूरचा आकडा अयोग्य, आणि एक्डिसचा आवाजी अलार्म चालतच नव्हता. मला यात पट्ट्यापेक्षा तो मुका अलार्म जास्त घाबरवतो. म्हणून जहाजावर चढलात की पहिल्याच दिवशी एक्डिसचा अलार्म कानाने ऐका.

६. एआयएस: शेजाऱ्याने स्वतःबद्दल सांगितलेलं

२००४ अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या तीनशे टनांवरील जहाजांना एआयएस सक्तीचं झालं. जहाज स्वतःचं नाव, जागा, दिशा, वेग व्हीएचएफ रेडिओवर सांगत राहतं. चालताना दर दोन ते दहा सेकंदांनी, नांगरावर असताना दर तीन मिनिटांनी. यात दिसतं ते त्याच्या जीपीएसने आणि जायरोने त्याला जे सांगितलं ते. तुम्ही स्वतः पाहिलेलं काहीच नाही. रडारचा ठिपका आणि एआयएसचा त्रिकोण एकमेकांवर बसत नसतील तर ठिपका खरा धरा आणि कारण शोधा. चीनच्या किनाऱ्यावर तर जाळ्यांच्या खुणांवरही एआयएस लावलेले असतात. पडदा त्रिकोणांनी भरतो, आणि प्रत्यक्षात तिथे फक्त बोया असतात.

आपलं स्वतःचं एआयएस नीट ठेवणं हे बहुधा कॅडेटचं काम. नांगर उचलला की स्टेटस बदला, ड्राफ्ट आणि डेस्टिनेशन दर फेरीला भरा. न्हावा शेवाहून जेबेल अलीला जाताना आयएनएनएसए आणि एईजेईए हे बंदरांचे ठरलेले कोड रोमन अक्षरांत टाकायचे, मनाने स्पेलिंग नको. चौदा नॉट्सने धावणारं जहाज 'अ‍ॅट अँकर' दाखवतंय हे व्हीटीएसने (जहाजांच्या वाहतूक नियंत्रणाने) व्हीएचएफवर सगळ्यांसमोर सांगितलं की कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

नाव दिसतंय म्हणून समोरच्याला व्हीएचएफवर हाक मारून 'तू इकडून जा, मी तिकडून जातो' असं ठरवण्याचा मोह होतो. बोलण्यात वेळ जातो, भाषा गंडते, कधी उत्तर देणारा भलताच असतो. नियमाप्रमाणे आणि वेळेत वळा.

७. जीपीएस बिघडलंय हे ओळखायचं कसं

१० जून १९९५. रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं होतं. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएस अँटेनाची केबल निसटली. रिसीव्हर बंद पडला नाही. तो मागच्या वेग-दिशेवरून अंदाजे जागा दाखवू लागला आणि पडद्याच्या कोपऱ्यात डीआर (डेड रेकनिंग, म्हणजे अंदाजाची जागा) ही दोन बारीक अक्षरं आली. ऑटोपायलट त्या अंदाजाच्या मागे चालत राहिला. चौतीस तासांहून जास्त वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. शेजारी लोरान-सी हे जागा सांगणारं दुसरं यंत्र होतं, त्याच्याशी कोणी ताडून पाहिलं नाही. वाटेत अपेक्षित असलेली एक बोया दिसली नसतानाही दिसली असं सांगितलं गेलं. नॅनटकेट बेटाच्या पूर्वेला दहा मैलांवर जहाज वाळूत रुतलं, तेव्हा ते ठरलेल्या वाटेपासून सतरा मैल बाजूला होतं.

आता केबल निसटायचीही गरज उरलेली नाही. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोवोरोसिस्कजवळच्या जहाजांची जागा पडद्यावर जमिनीवरच्या विमानतळात दिसू लागली होती. होर्मुझ आणि तांबड्या समुद्रात जीपीएस जाम होणं किंवा खोटी जागा दाखवणं आता रोजच्या बोलण्यात आहे, आणि आपल्याकडची कितीतरी मुलं याच वाटेने जातात. लक्षणं अशी: वेग अचानक उडी मारतो, आजूबाजूची एआयएस जहाजं गोल फिरताना किंवा एका जागी गोळा झालेली दिसतात, एक्डिस, एआयएस, जीएमडीएसएस सगळे एका सुरात कोकलायला लागतात. पंधरा अलार्म वाजले तरी बिघाड एकाच विहिरीचा असू शकतो, हे तेव्हा आठवा.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती रडार ओव्हरलेची. किनारा जवळ असेल तेव्हा एक्डिसवर रडारचं चित्र अंथरा. रडारचा किनारा नकाशाच्या किनाऱ्यावर नीट बसला तर जीपीएस आणि जायरो दोघांचंही ठीक चाललंय. किनारा तसाच पण बाजूला सरकलेला दिसला तर संशय जीपीएसवर. आपल्या जहाजाभोवती फिरवल्यासारखा तिरका दिसला तर जायरोवर. दहा सेकंदांत दोन विहिरी तपासून होतात. त्यानंतर ओव्हरले काढून टाका, नाहीतर नकाशावरची बारीक खूण त्याखाली झाकते.

ओव्हरले नसेल तर जुनी पद्धत आहेच. मुंबईत शिरताना प्राँग्ज आणि खांदेरीच्या दीपस्तंभांची बेअरिंग घ्या, रडारने अंतरं घ्या, आणि एक्डिसवरच हाताने पोझिशन टाका. हाताने एलओपी (बेअरिंगच्या आणि अंतराच्या रेषा) कसे टाकायचे ते शांत दिवशी शिकून ठेवा. जीपीएस गेल्यावर मॅन्युअल उघडणारा अधिकारी मी पाहिलाय. पॅरलल इंडेक्सिंगही (रडारवरच्या समांतर रेषेने किनाऱ्यापासूनचं अंतर सांभाळणं) शिकून घ्या, त्याला जीपीएस लागतच नाही. आणि शंका आली की कॅप्टनला उठवा. खात्री व्हायची वाट बघायची नसते.

८. बाकीची मंडळी, थोडक्यात

इको साउंडर दाखवतो ती खोली जहाजाच्या तळापासूनची की पाण्याच्या पृष्ठभागापासूनची, हे आधी विचारा. यात घोळ झाला तर पूर्ण ड्राफ्टइतका फरक पडतो. अलार्मचा आकडाही बघा.

नॅवटेक्स हे रेडिओ यंत्र ५१८ किलोहर्ट्झवर इशारे देतं. मुंबईशिवाय वेंगुर्ल्यासारखी किनाऱ्यावरची स्टेशनंही आहेत. आलेला संदेश वाचून, आपल्या वाटेवरचा असेल तर एक्डिसवर खूण करायची. नुसता फाडून क्लिपला लावला म्हणजे काम झालं असं नाही.

आगीचं पॅनेल, नेव्हिगेशन दिव्यांचं पॅनेल, बल्क कॅरिअरवर होल्डमध्ये पाणी शिरल्याचा अलार्म, हे वॉचच्या सुरुवातीला एकदा नजरेखालून घाला. वाऱ्याचा आकडा रिलेटिव्ह की ट्रू तेही बघा. लॉगबुकात चुकीचा वारा लिहिण्यात कॅडेटांचा हात कोणी धरू शकत नाही.

९. तुमच्यावर नजर ठेवणारी दोन यंत्रं

बीएनवास म्हणजे वॉचकीपर जागा आहे ना हे बघणारं यंत्र. ठरवलेल्या वेळाने, तीन ते बारा मिनिटांच्या मधल्या, दिवा लुकलुकतो. बटण दाबलं नाही तर पंधरा सेकंदांनी ब्रिजवर आवाज, आणखी पंधरा सेकंदांनी कॅप्टन किंवा दुसऱ्या अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये. त्याला शिव्या देणारे खूप भेटतील. ते बंद करायला कोणी सांगितलं तर किल्ली कॅप्टनकडे असते एवढंच उत्तर द्या.

व्हीडीआर हा जहाजाचा ब्लॅक बॉक्स. ब्रिजवरचं बोलणं, व्हीएचएफ, रडारचं चित्र, जीपीएस, जायरो, सगळं त्यात जातं. १ जुलै २०१४ नंतर बसवलेल्यांत कॅप्सूलमध्ये किमान ४८ तासांची आणि आतल्या रेकॉर्डरमध्ये ३० दिवसांची नोंद राहते. जुन्यांत बारा तासच. अपघात किंवा थोडक्यात वाचलेला प्रसंग झाला की कॅप्टनच्या सांगण्यावरून डेटा सेव्ह करायचा असतो, नाहीतर नवी नोंद जुनीवर चढते. कसा करायचा ते यंत्रावर चिकटवलेल्या कागदावर असतं. तो कागद आहे का ते आज बघा. ब्रिजवर माइक आहेत म्हणून बोलायला घाबरू नका. 'सर, मला हे बरोबर वाटत नाही' हे वाक्य रेकॉर्ड झालं तर ते तुमच्याच बाजूचं असतं.

१०. वॉच घेताना

पंधरा-वीस मिनिटं आधी वर जा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला एवढा वेळ लागतो, आणि मोबाइल बघत गेलात तर तो पुन्हा मोजायचा. आधी पडदे बघू नका. खिडकीतून बाहेर बघा, दिवे मोजा, मग रडारवर ते सगळे सापडतात का ते बघा. त्यानंतर जीपीएसचा स्रोत, जायरोची चूक, लॉगचा वेग, रडारचा व्हेक्टर, एक्डिसचे सेफ्टी आकडे, बंद केलेले अलार्म आणि ते का बंद केलेत, कॅप्टनची रात्रीची ऑर्डर. पडद्यांचा उजेड कमी केलाय ना तेही बघा.

आधीचा अधिकारी कोणाला वाट देण्यासाठी वळत असेल, तर ते वळण पूर्ण होऊन समोरचं जहाज मोकळं होईपर्यंत वॉच घेऊ नका. तो घाई करेल, त्याला झोप आलेली असते. त्याला थांबू द्या.